तवांग का मालवण

राजानंदला बर्फ पाह्यचा होता. बास, दुसरं काही नाही. रसवंतीतला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ नव्हे. डोंगरावर आभाळातून पडलेला, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो म्हणतात, तो. आता जालन्यासारख्या गावात, जिथं मार्च लागला की पत्र्याला हात लावता येत नाही, तिथं साठीला टेकलेल्या माणसाला हे खूळ कुठून सुचावं? पण सुचलं होतं खरं. अन् ते त्याच्या बायकोच्या, बेबीनंदाच्या उरावर येऊन बसलं होतं.

तसं पाहिलं तर त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. पोरगी पोटात होती तेव्हापासून हा माणूस एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीपाशी उभा. भट्टीतून लालबुंद लोखंड बाहेर यायचं, ते लांब चिमट्यानं धरायचं अन् रोलरच्या तोंडात द्यायचं. दुसऱ्या बाजूनं त्याची सळई होऊन निघायची. उन्हाळ्यात बाहेरचं ऊन सावलीसारखं वाटावं अशी ती जागा. घरी आला की चप्पल काढायच्या आधी माठापाशी जायचा अन् माठाला गाल टेकवून उभा राहायचा.

"अवो, प्यायचं पाणी हे त्यातलं!" बेबीनंदा ओरडायची.

"पी की मंग. मी काय तोंड बुडवलं का त्यात?"

पुढं साखरेचा आजार निघाला. राजानंदनं तो मनावर घेतला नाही. डबल ड्यूटी आली की डबल ड्यूटी करायचा, कारण पोरीचं डीएड चाललं होतं. गोळ्या घ्यायचा, कधी विसरायचा. एका वर्षी डावा डोळा गेला. गेला म्हणजे गेलाच, त्याच्यात काही उरलं नाही. मिलमधून त्याला घरी बसवलं. उजव्या डोळ्याला सुया झाल्या, लेसर झालं. अन् यंदा होळी झाल्यावर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "ह्याही डोळ्याच्या पडद्यावर कच्च्या शिरा वाढल्यात. ऑपरेशन करावं लागेल. पण आधी साखर खाली आली पाहिजे, म्हणजे मे उजाडेल. जमलं तर आज दिसतंय तेवढं टिकेल. नाही जमलं तर तेही जाईल. खोटी आशा दाखवत नाही मी."

बेबीनंदा हातातली फाईल उगाच चाळू लागली. राजानंदनं मात्र सरळ विचारलं, "तवर कुठं जाऊन आलं तर चालंल का, साहेब?"

"जा ना. काही पाहायचं राहिलं असेल तर पाहून घ्या. पण एकदाच. सारखी दगदग नको. अन् वजन उचलायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही. त्या शिरा कधी फुटतील सांगता येत नाही."

येताना एसटीत राजानंद खिडकीशी बसला. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता. एखादी वाचता आली नाही की गप्प व्हायचा, पुढची आली की पुन्हा सुरू. जालना जवळ आलं तसा म्हणाला, "बेबी, बर्फ पाह्यचा."

"पाह्यचा तर पोरीला पाहा," ती म्हणाली. "मालवणला चला."

झालं. त्या दिवसापासून घरात ह्या दोन गावांचं भांडण लागलं.

त्यांची पायल दोन वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेची मास्तरीण झाली होती अन् नेमणूक मिळाली ती थेट मालवणजवळच्या एका शाळेवर. दोन्हीकडच्या घराण्यांत नोकरीला लागलेली ती पहिली पोरगी. बेबीनंदाचं माहेर कुंभार पिंपळगावचं. तिथं ती चौथीपर्यंत शिकली अन् पुढं कापूस वेचायला गेली. पोरगी फळ्यापाशी उभी आहे, हातात खडू आहे, समोर लेकरं बसलीत, हे एकदा डोळ्यांनी पाह्यचं, एवढंच तिच्या मनात होतं. अन् तिच्या एकटीच्या डोळ्यांनी नाही, त्याच्याही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहून गेलं होतं. शाळेच्या ओसरीतून समुद्र दिसतो, असं पायल फोनवर सांगायची. समुद्राचं बेबीनंदाला काही पडलेलं नव्हतं.

दुसरीकडं तवांग. पार अरुणाचलात, चीनच्या अंगाला. राजानंदचा भाचा धर्मराज फौजेत होता, त्याची ड्यूटी तिथं. त्यानं एकदा व्हिडिओ कॉल लावला अन् कॅमेरा बाहेर फिरवला. राजानंदनं मोबाईल नाकाला लावला.

"हे पांढरं सगळं बर्फच हे का रे?"

"बर्फच मामा. गोम्पा म्हणजे इथलं बुद्धविहार, ते बी हे, बुद्धाची मोठी मूर्ती हे. पण येणार असाल तर जल्दी या. ऊन वाढलं की खालचा वितळून जातो, मंग वरच्या खिंडीतच राह्यतो थोडा."

फोन बंद झाला तरी तो माणूस मोबाईल डोळ्यापासून काढीना. बेबीनंदानं तो हातातून घेतला तेव्हा काच ओली झाली होती.

"ज्या पोरीसाठी भट्टीपाशी डोळे जाळले, ती पोरगी सोडून बर्फ पाह्यला चालले तुम्ही?" ती एक दिवस तडकली. "काय माणूस हे का कोण?"

राजानंद चिडला नाही. तो तिला समजावू लागला अन् त्यानं तिचं डोकं आणखीनच फिरलं. "अगं, पायल माझी पोरगी हे. डोळे गेले तरी ती कशी दिसती ते मला ठाऊक हे. तिचा आवाज आला की समोर उभी राह्यल. बर्फ कसा दिसतो ते मला कुठं ठाऊक हे? तो आता न्हाई पाह्यला तर गेलाच की."

"मास्तरीण झालेली कुठं पाह्यली तिला? नोकरीवर गेल्यापासून सांगा, कुठं पाह्यली?"

तो उठला अन् माठाला गाल टेकवून उभा राहिला. पण बर्फ काही सुटत नव्हता.

तिनं पायलला फोन लावला. वाटलं, पोरगी तरी बापाला चार शब्द सांगंल. तर पोरगी म्हणते कशी, "मम्मी, जाऊ दे ना पप्पांना तिकडं. त्यांनी आयुष्यात काय मागितलंय कधी? माझी शाळा कुठं पळून चालली?"

"तुला काय कळतंय!" म्हणून बेबीनंदानं फोन आपटला. शाळा पळून जाणार नव्हती, डोळा जाणार होता, अन् हे मायलेकींपैकी एकीलाच कळत होतं, असं तिला वाटलं. रागानं ती दिवसभर जेवली नाही. धर्मराजनं तिकीट काढलं. एप्रिल लागला की निघायचं, मनमाडहून गुवाहाटीची गाडी, पुढं दोन दिवस घाटातून जीप. पायलची शाळा एप्रिलअखेर सुटणार. तवांगहून परत येऊन दगदग उतरेपर्यंत फळाही बंद अन् लेकरंही घरी, अन् डॉक्टर तर एकदाच म्हणाला होता. मग ऑपरेशन.

इथं बेबीनंदानं एक डाव टाकला.

वस्तीत एक रीत होती. बाबासाहेबांच्या जयंतीला दरवर्षी एका जाणत्या माणसाला उत्सव समितीचा अध्यक्ष करायचे. त्याच्या हातानं ध्वज चढायचा, रॅलीत तो निळा फेटा बांधून पुढं चालायचा. सगळ्यांची पाळी येऊन गेली होती, राजानंदचीच राहिली होती, कारण तो सदा मिलच्या ड्यूटीवर. अन् एकदा नाव पुकारलं की तो माणूस जयंती होईपर्यंत वस्ती सोडत नाही. कोणी तसा नियम लिहून ठेवलेला नव्हता, पण घरात लग्न निघालं तरी लोक तारीख पुढं ढकलायचे. अध्यक्षपदाला नाही म्हणणारा आजवर कोणी झाला नव्हता.

शेजारच्या सोनूबाईचा शब्द समितीत चालायचा. बेबीनंदा तिच्याकडं गेली अन् म्हणाली, "काकू, यंदा आमच्या ह्यांचं नाव घ्या ना. पुढच्या वर्षी डोळे असतील का नसतील, कोणाला माहीत."

सोनूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बया, बराबर बोललीस. आमच्या कसं ध्यानात आलं न्हाई?"

बेबीनंदानं मनात सगळा हिशेब मांडला होता. राजानंद चौदा तारखेपर्यंत अडकंल. तवर ऊन वाढंल, बर्फ वितळंल, भाचा स्वतःच म्हणंल, मामा आता येऊन उपेग न्हाई. मग मालवण उरतं. जयंती झाली की लगेच निघू, शाळा तर चालूच असंल. ह्यात कोणाचं नुकसान होत होतं? नवऱ्याला मान मिळत होता, अन् तिला तिचं.

बैठकीत नाव पुकारलं तसा राजानंद उठून उभा राहिला अन् चारी बाजूंना हात जोडत राहिला. घरी आला तो लहान लेकरासारखा हसत. आल्या आल्या भाच्याला फोन. "धर्मराज, तिकीट पुढचं काढ रे. जयंती करून येतो."

"मामा, उशीर होईल. इथं ऊन पडून राह्यलंय."

"अरे, अध्यक्ष हे मी! असं कसं येता येईल?"

चुलीपाशी भाकरी थापता थापता बेबीनंदानं हे ऐकलं अन् तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलंच बरं वाटलं.

पण मग दिवस सरेनात. रोज सकाळी ती त्याला कॅलेंडरसमोर उभा करायची, "वाचा बरं." तो तारीख वाचायचा, खालची बारीक अक्षरं सोडून द्यायचा. एखाद्या दिवशी अडखळला की तिचा जीव टांगणीला लागायचा. चुलीवर काय ठेवलंय ते विसरून जायची. चार-चारदा ओठांवर आलं, 'राहू द्या ती जयंती, आजच निघू, कुठंबी निघू.' पण अध्यक्षाला वस्ती सोडायला सांगायचं कोणत्या तोंडानं? तिनंच तर बांधून ठेवलं होतं. अन् राजानंद? तो मस्तगडच्या बाजारात जाऊन भर उन्हात माकडटोपी विकत घेऊन आला. दुकानदार हसला म्हणे. भाच्यानं सोळा तारखेचं तिकीट काढलं होतं, वरच्या खिंडीत अजून बर्फ होता. म्हणजे तिचा डावही पुरता साधला नव्हता. नवरा अजून तवांगलाच चालला होता, फक्त उशिरा.

जयंतीच्या सकाळी राजानंद पांढरे कपडे घालून, निळा फेटा बांधून निघाला तेव्हा इतका देखणा दिसला की बेबीनंदाला आपली चिडचिड आठवून लाज वाटली. वंदना झाली. ध्वज त्यानं दोरी ओढून चढवला, सगळं नीट झालं. मग रॅली निघाली. ताशे सुरू झाले. चौकात पोरं मोठा निळा झेंडा नाचवत होती. उंच बांबूचा, जड, एकट्यानं धरला तर दंड भरून येतील असा. पोरांनी पाहिलं अन् गिल्ला केला, "अध्यक्षसाहेब, एकदा! फक्त एकदा!"

बायकांच्या रांगेतून बेबीनंदानं पाहिलं, त्यानं हात पुढं केले.

"अवो, न्हाई! उचलू नका! अवो!" ती ओरडली, रांग मोडून धावली, बायकांना ढकलत पुढं गेली. ताशांपुढं कोणाला ऐकू जाणार? राजानंदनं बांबू कमरेला लावला अन् झेंडा उचलला. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरवला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग त्यानं तो हळूच खाली घेतला, शेजारच्या पोराच्या हातात नीट दिला अन् फेट्याचा शेव डोळ्याला लावून उभा राहिला.

ती पोचली. "काय झालं?"

"लाल झालं, बेबी," तो म्हणाला. "सगळं लाल. भट्टीचं दार उघडल्यासारखं."

संध्याकाळपर्यंत त्या लालाचं काळं झालं.

ऑपरेशन मेपर्यंत थांबलं नाही, लगेच केलं. डॉक्टरनं जेवढे हात चालवायचे तेवढे चालवले. पट्टी काढल्यावर बॅटरी लावली अन् विचारलं, उजेड कळतो का? राजानंदनं मान हलवली. नाही कळत.

तो उन्हाळा बेबीनंदानं कसा काढला, तिला विचारू नये. तो ओट्यावर बसून राहायचा. कोणी आलं की आवाज कुठून येतो तिकडं तोंड फिरवायचा, थोडं चुकीच्या बाजूला. माकडटोपी तिनं पेटीच्या तळाशी घालून टाकली. धर्मराजचा फोन यायचा. पोरगं रडायचं, हाच त्याला समजवायचा. सोनूबाई आली अन् राजानंदच्या समोर कपाळ बडवून घेऊ लागली, "माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मीच तुमचं नाव सुचवलं, भाऊ."

"तुम्ही मान दिला, काकू. त्यात तुमचा काय गुन्हा?" राजानंद म्हणाला.

सोनूबाईनं बेबीनंदाकडं पाहिलं. बेबीनंदानं खाली मान घातली. त्या म्हातारीनं तिचं नाव घेतलं नाही, अन् हिनंही तोंड उघडलं नाही. ती गेल्यावर बेबीनंदा मोरीत जाऊन नळ सोडून रडली. वाटायचं सांगावं. मग वाटायचं, सांगितलं अन् त्यानं घराबाहेर काढलं तर बरं होईल. पण नाही काढलं, नुसता गप्प बसला, तर काय करायचं?

पाऊस सरला, शाळा दिवाळीनंतर पुन्हा उघडल्या, तेव्हा एक दिवस राजानंद आपण होऊन म्हणाला, "मालवणला जाऊ."

तिला वाटलं, ऐकण्यात चुकलं.

"समुद्राचा आवाज येतो म्हणत्यात," तो म्हणाला. "बर्फाचं काय ऐकायचं? तुझंच बराबर होतं तवा."

घ्या. झालं तिच्या मनासारखं. जे पाहिजे होतं ते मिळालं, अन् ते ऐकून तिला वाटलं, जमीन दुभंगावी अन् आपण आत जावं.

मालवणला पायल स्टँडवर घ्यायला आली होती. बापाच्या पाया पडली, उठेना. पहिल्या संध्याकाळी तिनं दोघांना वाळूत नेलं. पाणी पायाला लागलं तसा राजानंद दचकला, मग हसला. "दम टाकतो की हा, माणसासारखा." बराच वेळ उभा होता. बेबीनंदानं समोर पाहिलंच नाही, ती त्याच्या पायांकडं पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा. पायलनं आईबापाला वर्गात शेवटच्या बाकापाशी खुर्च्या टाकून बसवलं. "हे माझे पप्पा, ही माझी मम्मी," तिनं सांगितलं. लेकरांनी एका सुरात नमस्ते केलं अन् हसत हसत मागं वळून पाहत राहिली. मग पायल फळ्याकडं वळली. खडूचा आवाज येऊ लागला.

राजानंदनं बेबीनंदाचा हात धरला. "कशी दिसती गं?"

तिनं तोंड उघडलं. समोर तेच होतं, जसंच्या तसं: फळा, खडू, लेकरं, पोरगी.  पण तोंडून निघालं ते भलतंच.

"म्याच अडवलं तुम्हाला," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "जयंतीसाठी. सोनूबाईकडं मी गेल्ते. अध्यक्ष करा म्हणून मीच सांगितल्तं. बर्फ वितळावा म्हणून. तुम्ही हितं यावं म्हणून."

लेकरं पाढा म्हणत होती. राजानंदनं हात काढून घेतला. तो मांडीवर ठेवला, मग दुसरा हात त्याच्यावर ठेवला. पाढा संपला, दुसरा सुरू झाला.  बेबीनंदाला वाटलं, आता ह्या माणसाचा आवाज आपल्याला जन्मात ऐकू येणार नाही.

"म्हणजे मला बर्फबी न्हाई दिसला," तो हळूच म्हणाला, "अन् हीबी न्हाई दिसली."

ती पदर तोंडात धरून रडू लागली. पुढच्या बाकावरची एक पोर वळून पाहू लागली.

"रडू नको. पोरीचा वर्ग हे," तो म्हणाला.  "सांग आता. काय काय दिसतंय ते सांग. काही सोडू नको."

तिनं डोळे पुसले. "आकाशी साडी नेसलीय," ती म्हणाली. "वेणी घातलीय. फळ्यावर गणित लिहिलंय. एक बारकी पोर उठून तिच्यापाशी गेलीय, पाटी दाखवून राह्यलीय. ही वाकलीय तिच्याकडं. खिडकीतून समुद्र दिसतोय, लांबपर्यंत..."

"तो राहू दे," राजानंद म्हणाला. "पोरीचं सांग."

बेबीनंदा सांगू लागली.